दिव्यांची अवस आणि विजेचे व्रत

आज आषाढ अमावास्या, म्हणजेच दिव्यांची अवस. आज घरोघरी समया, निरांजने, लामणदिवे आणि माळ्यावर ठेवून दिलेले कंदीलसुद्धा खाली उतरतील. चिंच लावून त्यांचा वर्षाचा काळेपणा काढला जाईल, पाटाभोवती रांगोळी रेखून त्यांची मांडणी होईल, आणि नव्या वाती, नवे तेल घालून तिन्हीसांजेला ते प्रज्वलित केले जातील. गूळ घातलेल्या कणकेचे उकडलेले दिवे तुपाबरोबर नैवेद्याला असतील आणि लेकरांचे औक्षण होईल. उद्यापासून श्रावण. आभाळ भरून आलेल्या, भर दुपारी सांज झाल्याचा भास करून देणाऱ्या या दिवसांत प्रकाशाच्या साधनांची साफसफाई करून त्यांना वंदन करावे, ही आपल्या पूर्वजांची योजना जितकी भक्तीची तितकीच व्यवहाराची आहे.

परंतु पाटावर मांडलेले हे दिवे वर्षातील किती रात्री आपल्याला उजेड देतात, हा प्रश्न आज मनात आल्यावाचून राहत नाही. आपला रोजचा दिवा आता भिंतीवरच्या बटणात आहे. त्याला तेल घालावे लागत नाही, वात सारावी लागत नाही, काजळी पुसावी लागत नाही. कष्ट वाचले हे चांगलेच झाले. चुलीच्या धुरात आणि चिमणीच्या उजेडात ज्यांनी आयुष्य काढले, त्या पिढीला विजेचे मोल कोणी सांगायला नको. पण कष्टांबरोबर एक गोष्ट नकळत सुटली, ती म्हणजे दिव्याकडे असलेले लक्ष. समईत तेल किती उरले हे घरातल्या माउलीला न पाहता ठाऊक असे. आज आपल्या घरात किती वीज जळते हे महिन्याचे बिल दारात पडेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. आम्हांला या लेखात म्हणावयाचे आहे ते एवढेच की, हे सुटलेले लक्ष पुन्हा जोडून घेणे हेही दीपपूजनच आहे आणि त्यासाठी चातुर्मासासारखा दुसरा मुहूर्त नाही.

कहाणीतील उंदीर आणि भिंतीवरचे मीटर

दिव्यांच्या अवसेची कहाणी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. राजाच्या सुनेने घरातला एक पदार्थ स्वतः खाल्ला आणि आळ मात्र उंदरांवर घातला. चिडलेल्या उंदरांनी तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली आणि त्या खोट्या कलंकापायी सुनेला घराबाहेर पडावे लागले. पण तिचा एक नेम होता. घरातले दिवे ती रोज स्वतः घाशी, त्यांची तेलवात करी, खडीसाखरेने त्यांच्या ज्योती सारी आणि अवसेला त्यांना नैवेद्य दाखवी. ती गेली आणि दिव्यांची आबाळ झाली. पुढे अवसेच्या रात्री गावचे सारे दिवे एका झाडावर जमून आपापल्या घरची हकीकत सांगू लागले, तेव्हा राजाच्या घरच्या दिव्याने खिन्न होऊन खरा प्रकार सांगितला. झाडाखाली उतरलेल्या राजाने तो ऐकला आणि सुनेला सन्मानाने परत आणले.

या कहाणीत दोन बोध आहेत. एक सर्वांच्या लक्षात राहतो: दिव्यांची सेवा केली, ती फळाला आली. दुसरा सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. तो असा की, स्वतः खाल्लेल्या पदार्थाचा आळ दुसऱ्यावर घातला, तेथूनच सारे अरिष्ट सुरू झाले. आजच्या घरात या उंदरांची जागा भिंतीवरच्या मीटरने घेतली आहे. बिल फुगले की पहिला शब्द निघतो तो, "मीटर पळते आहे!" मीटर कधीच बिघडत नाही असे नव्हे. कधी वाचन न होता सरासरीचे बिलही येते. तेव्हा बिलावरील मागील व चालू रीडिंग मीटरवरील आकड्याशी ताडून पाहावे आणि तफावत असल्यास रीतसर तक्रार करावी. मीटरची साधी परीक्षा घरीही घेता येते. मुख्य स्विच चालू ठेवून घरातील सर्व उपकरणे बंद करावीत, फ्रीज आणि टीव्हीचे प्लगही काढावेत आणि मीटरवरील लुकलुकणाऱ्या बारीक दिव्याकडे काही मिनिटे पाहावे. तो लुकलुकतच राहिला तर कोठेतरी गळती आहे किंवा कोणाची जोडणी आपल्या मीटरवर आहे. अशा वेळी परवानाधारक वायरमनला बोलवावे. तो स्तब्ध राहिला तर मात्र उंदरांवरचा आळ मागे घ्यावा आणि घरात खाणारा कोण आहे याचा शोध सुरू करावा.

कोण किती खातो?

कहाणीतल्या दिव्यांप्रमाणे आपल्या घरची उपकरणे आज रात्री एखाद्या झाडावर जमली, तर काय बोलतील? त्यांचे बोलणे समजण्यापुरते गणित सोपे आहे. १००० वॉटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट वीज खर्च होते. उपकरणाचे वॉट आणि ते चालण्याचे तास यांचा गुणाकार करून १००० ने भागले की झाले.

या गणिताने पाहिले तर ज्यावर घरात सर्वांत जास्त ओरडा होतो, तो दिवा निर्दोष ठरतो. ९ वॉटचा एलईडी दिवा १ युनिटात १११ तास जळतो. पूर्वीचा ६० वॉटचा पिवळा बल्ब तेवढ्याच विजेत १७ तासांतच आटोपत असे. २०१५ साली केंद्र शासनाची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. त्यामुळे बहुतेक घरांतून पिवळा बल्ब हद्दपार झाला आहे. घर दणाणून सोडणारा मिक्सरही तसाच निरुपद्रवी. ५०० वॉटचा मिक्सर १० मिनिटे फिरला तरी खर्च ०.०८ युनिटाचा. आवाजावरून खर्चाचा अंदाज बांधू नये, हा या हिशेबाचा पहिला धडा.

खरे खाणारे गप्प असतात. स्नानगृहातील गीझर हा त्यांतला अग्रणी. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. त्या एका बादलीच्या विजेत ९ वॉटचा दिवा पन्नास तासांहून अधिक काळ जळला असता! चौघांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला सुमारे ५६ युनिट केवळ स्नानाला जातात. बादली १५ लिटरची केली तर त्यांतले १४ वाचतात. साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवला तर कोणी न्हाले नाही तरी टाकीतली ऊब बाहेर निसटत राहते आणि ती भरून काढायला वीज जळत राहते.

त्यानंतर पंख्याचा क्रम. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. रोज १५ तास फिरला तर महिन्याला ३३ ते ३४ युनिट झाले. नव्या पद्धतीच्या, ज्याला बाजारात बीएलडीसी म्हणतात, त्या मोटरीचा पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिटांची बचत. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकित लेबल सक्तीचे झाले आहे. पंखा घेताना रंगापूर्वी ते तारे पाहावेत. भिंतीवर अजून जुना, गरम होणारा पेटीसारखा रेग्युलेटर असेल, तर पंखा हळू केल्याने वाचलेली बरीचशी वीज तोच उष्णतेच्या रूपाने खाऊन टाकतो, हेही ध्यानात ठेवावे.

फ्रीज तर अहोरात्र जागा असतो. त्याच्या पाठीमागे हवा खेळायला जागा ठेवावी, गरम पातेले निवाल्याशिवाय आत ठेवू नये, आणि दाराच्या रबरी पट्टीत कागद अडकवून ओढून पाहावा; सहज निघून आला तर थंडावाही तसाच सहज निघून जातो आहे असे समजावे. टीव्हीखालची सेट-टॉप पेटी टीव्ही बंद केल्यावरही बहुधा झोपत नाही. १० वॉट घेणारी पेटी दिवसाचे २० तास विनाकारण जागी राहिली तर महिन्याला ६ युनिट होतात. वातानुकूलन यंत्र ज्यांच्या घरी आहे त्यांनी ते २४ अंशांवर ठेवावे. तापमान एका अंशाने वाढविले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे आणि २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होतानाच २४ अंशांवर यावीत असा नियमही झाला आहे.

देव्हाऱ्यातील शून्य

भाविक घरांच्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पुष्कळ देव्हाऱ्यांत एक छोटा लाल किंवा पिवळा बल्ब रात्रंदिवस तेवत असतो. त्याला आपण ‘झिरोचा बल्ब’ म्हणतो आणि नावातच शून्य असल्याने त्याचा खर्चही शून्य धरतो. वस्तुतः जुन्या पद्धतीचा हा बल्ब १२ ते १५ वॉट घेतो. १५ वॉट, २४ तास, ३० दिवस. हिशेब १० युनिटांच्या पुढे जातो. त्याच जागी अर्ध्या वॉटचा एलईडी दिवा लावला तर महिन्याला अर्धा युनिटही पुरते. देवापुढील उजेड तिळभरही कमी न होता दहा युनिट वाचतात.

आणि याहून सोपी गोष्ट म्हणजे, सकाळ-सायंकाळ तेलाचे किंवा तुपाचे निरांजन लावावे. देवापुढे ज्योत लावताना हात जोडले जातात, मुलांच्या तोंडी ‘शुभं करोती’ येते. बटण दाबताना यांतले काही घडत नाही. नंदादीपाचा नेम असलेल्या घरांनी तो अवश्य चालवावा, मात्र पडदा, कापूस आणि लहान मुले यांच्यापासून तो सुरक्षित अंतरावर असावा. आमचा आक्षेप उजेडाला नाही. लक्ष नसलेल्या उजेडाला आहे.

ही वीज येते कोठून?

समईतले तेल कोणत्या घाण्यावरचे हे पूर्वी घरात माहीत असे. बटणातली वीज कोठून येते हेही जाणून घ्यावे. पाटण तालुक्यात कोयना अडविली गेली आणि शिवसागर जलाशय झाला. तेथील पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. १९६२ साली सुरू झालेला हा प्रकल्प टप्प्याटप्प्याने वाढून १९६० मेगावॉटचा झाला. त्या जलाशयाखाली अनेक गावे गेली. त्या गावांत देव्हारे होते, तुळशीवृंदावने होती, दिव्यांची अवस होती. आपली चूलमूठ उचलून जे दूर वसले त्यांच्या त्यागावर आपले दिवे लागतात. तिकडे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे. कोळशावरच्या एका युनिटामागे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. त्याची राख आणि त्याची धग सोसणारी माणसे आपल्यासारखीच घरेदारे असलेली आहेत.

अन्न टाकू नये, ते पूर्णब्रह्म आहे, हे आपण मुलांना ताटावर बसल्या बसल्या शिकवितो. शेतकऱ्याचा घाम ताटात दिसत नाही, तरी आपण तो मानतो. मग रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा हे ताटात टाकलेले अन्नच नव्हे काय? पतंजलींनी यमांत अपरिग्रह सांगितला, तो केवळ संन्याशांसाठी नव्हे. गरजेपुरते घ्यावे आणि उरलेले दुसऱ्यासाठी सोडावे, इतका त्याचा गृहस्थी अर्थ आहे.

चातुर्मासाचा नेम

आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू झाला. कोणी कांदा-लसूण सोडला, कोणी वांगी सोडली, कोणी एकभुक्त राहण्याचा नेम धरला. त्यांच्या जोडीला कार्तिकी एकादशीपर्यंत विजेचा एक नेम घरातल्या सर्वांनी मिळून धरावा, अशी आमची विनंती आहे. तो असा असावा:

१. आज दिव्यांची पूजा झाल्यावर मीटरवरील आकडा पंचांगाच्या किंवा दिनदर्शिकेच्या आजच्या चौकटीत लिहावा आणि दर अमावास्येला तो पुन्हा लिहावा. हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे.

२. समयांबरोबर आज ट्यूब, दिवे आणि पंख्यांची पातीही पुसावीत. वरचे काम करताना स्विच बंद असावा आणि शिडी धरायला दुसरे माणूस असावे. धूळ बसलेला दिवा तेवढीच वीज खाऊन उजेड कमी देतो.

३. गीझर स्नानाआधी लावावा आणि पाणी काढताच बंद करावा. स्नाने एकामागून एक उरकावीत. अभ्यंगस्नानाच्या पहाटेही हाच नेम ठेवावा.

४. गणपतीच्या आराशीत मखराला एलईडी माळा लावाव्यात. ५०० वॉटचा हॅलोजन ६ तास लावला की ३ युनिट गेले, आणि मूर्तीपुढे उकाडा झाला तो वेगळाच. रात्री शेजारती झाली की आराशीचे दिवे मालवावेत. देवालाही निद्रा आहे.

५. दिवाळीत आकाशकंदिलात लहान दिवा पुरतो. गॅलरीतल्या माळा निजतेवेळी बंद कराव्यात. पणत्या मात्र हौसेने लावाव्यात.

६. इस्त्री रोज दोन कपड्यांसाठी न तापविता आठवड्यातून एकदोनदा एकत्र करावी. कपडे धुण्याचे यंत्र पुरते भरल्यावरच लावावे आणि शक्यतो दिवसा लावावे. सूर्यापासून मिळणारी वीज दिवसाच असते.

या नेमाला एक मर्यादाही आहे. जिन्यातला दिवा, म्हाताऱ्या माणसांच्या वाटेवरचा रात्रीचा दिवा, अभ्यासाच्या टेबलावरचा उजेड आणि आजाऱ्याच्या खोलीतला पंखा यांवर काटकसर करू नये. आजोबा अंधारात घसरले तर वाचलेल्या युनिटांना काय करायचे? काटकसर आणि कृपणता यांत जो भेद आपल्या आजीला कळत होता, तोच येथे पाळावा. तसेच हा नेम घरातल्या सुनेवर किंवा मोलकरणीवर ओरडण्याचे निमित्त होऊ नये. व्रत स्वतः करायचे असते.

उद्यापन आणि दीपदान

फळ किती, असा प्रश्न व्यवहारी मंडळी विचारतीलच, आणि तो विचारावाही. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीचा चढा दर त्या पायरीवरच्या युनिटांनाच लागतो, साऱ्या वापराला नव्हे. त्यामुळे आपण वाचवतो ते नेहमी आपले सर्वांत महाग युनिट असतात. समजा, एका घराचा वापर महिन्याला ३४० युनिट आहे. देव्हाऱ्यातील बल्ब बदलून १०, सेट-टॉप पेटी बंद ठेवून ६, स्नानाचे पाणी कमी करून १४ आणि दोन पंखे बदलून ४० असे ७० युनिट वाचले, तर वापर २७० वर येतो. तिसऱ्या पायरीवरचे ४० युनिट संपूर्ण नाहीसे होतात आणि त्यांवरचे वीज शुल्कही. स्थिर आकार मात्र वापर घटला तरी द्यावाच लागतो, म्हणून बिल त्याच प्रमाणात उतरले नाही तर निराश होऊ नये. तुलना करताना चालू महिना गेल्या महिन्याशी ताडू नये. वैशाखातल्या पंख्यांशी श्रावणाची बरोबरी होत नाही. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा वापर पाहावा.

ज्यांना स्वतःचे छत आहे त्यांनी पुढचे पाऊल टाकण्यास हरकत नाही. स्नानासाठी सौर बंब, आणि त्याहून पुढे छतावरचा सौर संच. २०२४ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरविले गेले. स्वच्छ उन्हाच्या दिवशी १ किलोवॉटचा संच साधारण ४ युनिट देतो. पण घडा गळका असताना विहीर खणण्यात शहाणपण नाही. आधी वापर आटोक्यात आणावा, मग संच केवढा घ्यावा ते ठरवावे. तो लहान पुरेल आणि स्वस्त पडेल.

कार्तिकी एकादशीला या व्रताचे उद्यापन करावे. दिनदर्शिकेवरील मीटरचे आकडे कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत. चार महिन्यांत जी रक्कम वाचली तिचा निदान काही भाग दीपदान म्हणून बाजूला काढावा. एखाद्या विद्यार्थ्याला अभ्यासाचा दिवा घेऊन द्यावा, एखाद्या वृद्धेचे थकलेले वीजबिल भरावे, किंवा गावच्या देवळातले जुने बल्ब बदलून द्यावेत. कार्तिकात दीपदानाचे पुण्य मोठे मानले आहे. ते दान आपण न जाळलेल्या उजेडातून उभे राहावे, याहून त्याचे शुद्ध रूप कोणते असेल?

कहाणीतले दिवे आज रात्रीही कोठेतरी जमतील, अशी आपली श्रद्धा आहे. आपल्या घरचा दिवा तेथे गेला तर त्याला सांगायला एक चांगली गोष्ट मिळावी. तेव्हा वाचकहो, सायंकाळी निरांजन लावून नमस्कार झाला की एक पेन्सिल घ्यावी आणि मीटरचा आकडा टिपून ठेवावा. व्रताचा संकल्प तेवढ्याने पुरा होतो.